फॉरमॅट न मारणारे काका

काका कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी कान लावायचे. खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसायचे, कॉम्प्युटरच्या खालच्या डब्याला गाल टेकवायचे आणि डोळे मिटायचे. आपण चहाचा कप घेऊन उभे. बोलायची सोय नाही. कोणी बोललंच तर डोळे न उघडता म्हणायचे, "तुमचं मागनं. आधी याचं ऐकू द्या." पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, प्रवासाने दमून माणसाचा डोळा लागला.

काका रोह्याचे. सगळी नोकरी तिथल्याच एका कंपनीत, शिफ्टमध्ये, यंत्रांचे आवाज ऐकण्यात गेली. रिटायर झाल्यावर लोकांच्या घरचे मंद झालेले कॉम्प्युटर ठीक करून द्यायला लागले. रोहा, कोलाड, नागोठणे, आमचं पेण, जिथनं बोलावणं येईल तिथं ट्रेनने जायचे. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर, एक जुना लॅपटॉप आणि जेवणाचा डबा. डबा अशासाठी की काका ज्यू. आमच्याकडची जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून. त्यांची सगळी भावकी कधीच इस्रायलला गेली, काका आणि काकी तेवढे राहिले. का राहिलात विचारलं की सांगायचे, "तिकडं जिताडा कोण देईल मला?" जिताडा मासा चालायचा, पण चिंबोरी, म्हणजे खेकडे, आणि कोलंबी ताटात नको, त्यांच्या धर्मात चालत नाही. पेणमध्ये येऊन चिंबोऱ्यांच्या कालवणाला नको म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. माझ्या सासूबाईंना तर तो स्वतःचा अपमानच वाटला होता.

दुकानातली पोरं दहा मिनिटांत फॉरमॅट मारतात, म्हणजे आतलं सगळं पुसून कोरं करतात. काकांना त्या शब्दाचाच राग. "घरात पाव्हणे जास्त झाले म्हणून कोण घर जाळतं काय?" असं म्हणायचे. कोलाडच्या एका हॉटेलवाल्याचा कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तो बटण दाबून अंघोळीला जायचा. काकांनी त्याला शेजारी बसवलं आणि कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप सुरू होणारा एकेक प्रोग्राम दाखवून विचारलं, "हा कोण? याला आवतण कोणी दिलं?" हॉटेलवाला म्हणे, मला नाय माहीत. "मग काढा त्याला पंगतीतनं." पण काढायचं त्या हॉटेलवाल्याने. काका स्वतः काही पुसायचे नाहीत. बटण मालकाने दाबायचं, तेही उघडून बघितल्यावर. "माझ्या हातानं मी कोणाचं काय पुसत नाय," हा त्यांचा नियम. त्यामुळे तासाभराचं काम दिवसभर चालायचं आणि लोक वैतागायचे. मीसुद्धा वैतागले असते, पण मी त्यांना बोलावलं ते त्या नियमासाठीच.

शुक्रवारी सूर्य मावळला की काकांचा शब्बाथ सुरू. शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत ते कुठल्या यंत्राला हात लावायचे नाहीत. दिव्याचं बटणसुद्धा नाही, गाडी-ट्रेन नाही, मोबाईल कपाटात. तोच हॉटेलवाला एका शनिवारी गाडी घेऊन रोह्याला त्यांच्या दारात गेला होता. काकांनी त्याला ओटीवर बसवलं, सरबत दिलं, त्याच्या म्हशीची चौकशी केली, आणि तसंच परत पाठवलं. तो आजही चिडून सांगतो.

आता आमचं सांगते. आमचा गणपतीचा कारखाना. आमचे हे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करतात, पेणमध्ये त्यांच्या हाताला मान आहे. आखणी चालू असताना कारखान्यात कोणी बोलायचं नाही, पण हे स्वतः मात्र गात असायचे. भजनी मंडळातला पहाडी आवाज. मूर्तीचा डोळा उघडताना ते गात नसले तर कारागीर विचारायचे, शेठ, आज बरं नाय काय?

मग घशाचा कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. माणूस वाचला. देवाची कृपा, असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण गळ्याला भोक, त्यावर रुमाल, आणि घरात आवाज नाही. मला बोलवायचं तर पत्र्याचा डबा वाजवायचे. मला त्या डब्याचा इतका राग यायचा की एकदा मी तो उचलून गटारात टाकला. दुसऱ्या दिवशी यांनी दुसरा आणला.

यांचा आवाज उरला होता तो एका ठिकाणी. भाच्याने कधीतरी कॅमेऱ्यावर यांची गाणी आणि कारखान्यातली शूटिंगं घेतली होती आणि आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवली होती. कॅमेरा नंतर मोडीत गेला. त्यात एका भजनाचं अख्खं शूटिंग होतं, हे मधोमध बसलेले, डोळे मिटलेले. ऑपरेशननंतर ते लावून बघायची माझी छाती झाली नाही. जेव्हा झाली, तेव्हा कॉम्प्युटर चालेना. सुरू व्हायचा, गरगर फिरायचा, पडदा पांढरा व्हायचा आणि तसाच राहायचा.

मी तो पेणातल्या दुकानात नेला. तिथला पोरगा मला म्हणाला, "काकी, फॉरमॅट मारतो, एकदम फास्ट होईल." हे माझ्यासोबत होते. यांनी मान हलवली, मार म्हणून. मी बघितलं आणि कॉम्प्युटरचा डबा त्याच्या टेबलावरनं उचलला. रस्त्यात मी यांना म्हटलं, तुम्हाला काय वाटतं, मला काय हवं ते तुम्ही ठरवणार? यांनी पुढं बघून चालणं चालू ठेवलं. त्यांना स्वतःचा आवाज नकोच होता ऐकायला. मला हवा होता. भांडण एवढंच होतं, आणि ते फार मोठं होतं.

काकांना फोन केला तो गुरुवारी. म्हणाले, "उद्या शुक्रवार. शुक्रवारी मी लांब जात नाय वैनी. रविवारी येतो." मी कारण सांगितलं. सांगता सांगता मला रडू फुटलं, त्याची मला लाज वाटली. मग म्हणाले, "रातभर चालू ठेवू नका. बंद ठेवा. हात लावू नका कोणी." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर.

आत आले आणि दारातच थांबले. "हे काय?"

कॉम्प्युटरवर निळं प्लास्टिक घट्ट गुंडाळलेलं होतं. आमच्याकडे ओली शाडूची मूर्ती तशीच गुंडाळतात, तडा जाऊ नये म्हणून. कारखान्यात मूर्ती घासायला लागले की पांढरी धूळ घरभर उडते, ती आत जाऊ नये म्हणून हे कॉम्प्युटरलाही तसंच गुंडाळायचे. चालू असतानासुद्धा. वर्षानुवर्षं.

"ही मूर्ती नाय, दादा," काका यांना म्हणाले. "याला श्वास लागतो." मग यांच्या गळ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी जीभ चावली. यांना मात्र हसू आलं. ऑपरेशननंतर हे हसलेले मी पहिल्यांदाच बघत होते, आवाजाशिवायचं हसू, नुसते खांदे हलले.

काका खाली बसले. प्लास्टिक काढलं, डबा उघडला, कारखान्यातला मऊ ब्रश मागून घेतला आणि आतली पांढरी धूळ झटकली. मग बटण दाबून गाल टेकवला. बराच वेळ पडदा पांढराच होता, मग एकदाच्या फायली दिसायला लागल्या. मी हातात चहा धरून उभी. डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता.

"वैनी, हा हळू नाय झाला. हा चाललाय." त्यांनी मला खाली बसवलं. "ऐका."

मी कान लावला. आत बारीक टक, टक, मग घरघर, मग पुन्हा टक. "हार्डडिस्क हाय. गरम होऊन होऊन गेली. आता बंद केला तर परत उठेल याची गॅरंटी मी देत नाय. जे काढायचं ते आत्ताच."

पिशवीतून बाहेरून जोडायची एक लहान डिस्क काढली, वायर लावली. "सगळ्यात आधी काय हवं?"

"भजन," मी म्हटलं. विचारायची गोष्ट होती काय?

काकांनी यांच्याकडे बघितलं. हे दाराशी उभे होते, काहीच खूण केली नाही. काकांनी भजनाची फाईल धरली आणि तिच्या मागे बाकीच्या सगळ्या छोट्या फायली रांगेत लावल्या. पडद्यावर हिरवी पट्टी आली. थोडी सरकली आणि उभी राहिली.

थंडीचे दिवस. आमची खिडकी खाडीच्या बाजूला, धरमतरकडे सूर्य जातो. काका घड्याळाकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. पट्टी नखभर सरकायची आणि पुन्हा थांबायची. उरलेला वेळ आधी कमी दाखवत होता, मग वाढायला लागला. मी पदराचं टोक दातात धरून बसले होते. वायरला पाय लागू नये म्हणून मांडीसुद्धा बदलली नाही. एकदा लाईट लुकलुकली. काकांचा हात आपोआप डब्यावर गेला, आजाऱ्याच्या छातीवर ठेवतात तसा.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा काका उठले. मला वाटलं, निघाले. रोह्याची ट्रेन त्यांना मिळाली असती, दिवेलागणीच्या आधी घरी पोचले असते. त्यांनी काकींना फोन लावला. मी तिथंच होते. "मी पेणला हाय. काम अडलंय. नाय येत आज." काकींचा आवाज बाहेर ऐकू येत होता. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात हा माणूस शुक्रवारी संध्याकाळी घराबाहेर राहिला नव्हता, हे काकींनी दोनदा, आज शुक्रवार ना, असं विचारलं त्यावरनं मला कळलं. मग काकी म्हणाल्या, "बरं. दिवा मी लावते. तू तिथं जेव नीट." काकांनी मोबाईल बंद करून पिशवीत टाकला. मी म्हटलं, "काका, तुम्ही जा. मी बघते." तर म्हणाले, "बघायला दोघं असलेले बरे."

सूर्य खाडीपलीकडे गेला. काकांनी वायर एकदा नीट दाबली, डिस्क चटईवर सरळ ठेवली, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि दोन्ही हात काखेत घालून भिंतीला टेकून बसले.

आणि तेव्हाच मशीन अडलं. पट्टी लाल झाली. फाईल वाचता येत नाही, असं काहीतरी इंग्रजीत आलं आणि खाली तीन बटणं. ट्राय अगेन, स्किप, कॅन्सल. आत टक टक जोरात सुरू झालं.

"काका, कुठलं दाबू?"

काकांनी पडद्यावरची नजर खिडकीकडे वळवली.

"काका, सांगा ना. पुन्हा कर म्हणू काय?"

"आता मला विचारू नका, वैनी."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "एक बटण सांगायला काय जातंय तुमचं? एवढा कडक हाय काय तुमचा देव? माझ्या माणसाचा आवाज जातोय तिथं."

त्यांना ते लागलं. मला दिसलं लागलेलं. पण हात काखेतनं बाहेर आले नाहीत. म्हणाले, "देव कडक नाय. मी कच्चा हाय. एकदा सोडलं की मला परत धरता यायचं नाय."

मी ट्राय अगेन दाबलं. घरघर, टक टक, पुन्हा लाल. परत दाबलं. आतला आवाज आता डब्याला कान न लावता ऐकू येत होता. मी रडत होते आणि दाबत होते. मला फक्त ते भजन दिसत होतं, मधोमध बसलेले हे, डोळे मिटलेले.

काका भिंतीपाशीच होते. हळूच म्हणाले, "वैनी, गाणं तुमचं हाय का त्यांचं?"

मी मागं वळले. हे कधी जवळ आले होते मला कळलंच नाही. माझ्या खांद्यावरून यांचा हात पुढं आला. बोटांना रंग लागलेला. मी मनगट धरायला गेले, पण यांनी माऊस धरला आणि स्किप दाबलं. भजन सोडून दिलं.

मी सांगते ना, त्या क्षणी मला या माणसाचा इतका राग आला की तेवढा लग्नापासून कधी आला नव्हता. जे एक हवं होतं तेच टाकलं. मी म्हटलं, "तुम्हाला नकोच होतं. पहिल्यापासून नको होतं." यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बोट दाखवलं.

पट्टी हिरवी झाली होती आणि भराभर पुढं चालली होती. मागच्या छोट्या फायली एकामागोमाग एक जात होत्या. भजनाच्या मागे अडकून बसलेल्या. पट्टी शेवटाकडे आली, आणि आतून एक खट्ट असा आवाज आला, मग काहीच नाही. पडदा गोठला. टक टक थांबलं. सगळं गेलं की राहिलं, कोणाला माहीत नाही.

वायर ओढायची की नाही हे मला कळत नव्हतं. दुकानात न्यायचा धीर नव्हता. आणि ज्याला कळत होतं तो हात काखेत घालून बसलेला. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आदळली. नंतर ताटं वाढली. काकांनी सोबतचा जेवणाचा डबा उघडला, माझी भाकरी घेतली. न्हाणीघरातली लाईट मी चालूच ठेवली, त्यांना बटण दाबायला लागू नये म्हणून. राग होता तरी ठेवली.

शनिवारी सकाळी ते चालत पेणातल्या त्यांच्या मशिदीकडे गेले. ज्यू लोक आपल्या प्रार्थनाघराला इकडं मशीदच म्हणतात. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आता दहा जमत नाहीत, मग एकटेच म्हणून आले. आल्यावर यांच्यासोबत कारखान्यात बसले. मी डोकावून बघितलं तर हे एका मूर्तीचे डोळे आखत होते आणि काका समोर पाटावर, हात मांडीवर, बघत होते. तो अख्खा दिवस मी त्या गोठलेल्या पडद्याला प्रदक्षिणा घातल्या. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी काका अंगणात उभे राहिले, मान वर करून. तिसरा तारा दिसल्यावर आत आले. आधी मला म्हणाले, "काल सूर्य गेल्यावर मी गाण्याचं बोललो ते बोलायला नको होतं. पण बोललो." मग डिस्कची वायर काढली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली.

भजन नव्हतं. बाकी सगळं होतं.

आमच्या जुन्या कॉम्प्युटरला त्यांनी एकदा बटण दाबून बघितलं. तो उठला नाही.

पहिली फाईल त्यांनी मलाच उघडायला लावली. कारखान्यातलं शूटिंग, एका रंगवलेल्या मूर्तीचं. भाच्याचा कॅमेरा हातात धरून घेणारी मीच असणार, कारण चित्र हलत होतं. हे चित्रात नव्हतेच. मागून कुठून तरी आवाज आला, मोठा, मोकळा, हसत हसत: "अगो, कुठं हायस? ये जरा इकडं."

मी तोंडावर हात धरला. भजनात हा आवाज नव्हता. भजनातला आवाज गावाचा होता, मंडळाचा होता. हा माझ्याशी बोलत होता. आणि मी हे कधी आठवलंच नव्हतं, मी फक्त गाणं गाणं करत बसले होते. यांनी माझ्याकडे बघितलं. काका लगेच उठले आणि बाहेर जाऊन चपला शोधायला लागले, चपला समोरच होत्या.

ट्रेनची वेळ होईपर्यंत त्यांनी आणखी एक काम केलं. तेवढं एक वाक्य कापून यांच्या मोबाईलवर घातलं. पडद्यावर एक बटण, दाबलं की आवाज. "डबा वाजवू नका आता," यांना म्हणाले. पैसे घेतले नाहीत, जिताडा मात्र बांधून नेला.

तेव्हापासून घरात आवाज आला. चहा हवा, अगो कुठं हायस. पिवळा रंग संपला, अगो कुठं हायस. भाव करायला गिऱ्हाईक आलं, अगो कुठं हायस. कारागीर माझ्यामागे त्याची नक्कल करायचे. मी तोंडाने "आले, आले, जीव जातोय काय" म्हणायची आणि पाय मात्र कारखान्याकडे चालू लागलेले असायचे.

काका पुढेही यायचे, कधी नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगायला, कधी नुसते जेवायला. प्लास्टिक परत घातलंय काय, हे बघायचे. आले की यांना ते बटण दाबायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. म्हणायचे, "चांगला चालतोय."

परवाची गोष्ट. मी मागच्या दारी मासे साफ करत होते. कारखान्यातून हाक आली, "अगो, कुठं हायस? ये जरा इकडं." नेहमीसारखीच, हसत. मी म्हटलं, आले, हात भरलेत माझे, जरा थांबा. पुन्हा हाक. मी कुरकुरत, हात पदराला पुसत गेले. काय हवंय तुम्हाला एवढं, म्हणत दारात पोचले.

हे मोबाईल हातात घेऊन उभे होते. ब्रश खाली पडला होता. रोह्याहून काकींचा मेसेज होता, काका सकाळी गेले म्हणून. मी तो वाचला आणि यांच्याकडे बघितलं. यांचे ओठ हलत होते, गळ्यावरचा रुमाल हलत होता, बाहेर काही येत नव्हतं. मी त्यांच्या पुढ्यातच उभी होते, तरी यांनी परत ते बटण दाबलं. "अगो, कुठं हायस? ये जरा इकडं." आवाजात तेच हसू होतं. यांच्याकडे दुसरा आवाजच नव्हता.